गुलाबी पेटीचे चार नट

१

कुलूप शाबूत होतं. किल्ली नुजहतच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला होती. आणि पेटी रिकामी होती.

बुधवारी सकाळी ती माझ्यासमोर बसून हे तिसऱ्यांदा सांगत होती, आणि तिसऱ्यांदाही तिचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता. वय सव्वीस, लग्नाला तीन वर्षं, नर्सिंगचा कोर्स पुरा केलेला. दवाखान्याचं निमित्त काढून ती घराबाहेर पडली होती आणि पांढरकवड्यातल्या माझ्या एका खोलीच्या ऑफिसात येऊन पोचली होती.

मी राखी आडे, संरक्षण अधिकारी. नाव भारदस्त आहे, पण हाताशी एक स्कूटी, एक कपाट आणि घरगुती हिंसाचाराच्या कायद्याचे कोरे नमुने, एवढंच सैन्य. लोकांना वाटतं, मी नवरा-बायकोची भांडणं मिटवते. मी भांडणं मिटवत नाही. उलट, मिटवून टाकलेली उकरून काढते.

"पेटीत काय होतं?"

"हिरवी फाईल. सगळी सर्टिफिकेटं, नोंदणीचं कार्ड. अन् लाल बटवा. माझ्या अब्बांनी देल्लेले दोन कंगन, झुमके." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मॅडम, शुक्रवारी अकराले यवतमाळात कागद तपासणी हाय. लिस्टमधे नाव आलं माझं, सरकारी दवाखान्याच्या. अस्सल कागद नाई दाखवले त नाव कटते. मंग पुढच्या नंबरवालीले बोलावतात."

"चोरी कळली कधी?"

"सोमवारी दुपारी. तारिकनं किल्ली मागतली. म्या देल्ली. त्यायनं पेटी खोलली अन् ओरडले."

"तारिकला पेटीतून काय हवं होतं?"

ती खालच्या आवाजात म्हणाली, "कागद जाळाचे होते. नौकरी कराची नाई म्हणे. अन् कंगन इकून पुरानी क्रेन घ्याची होती."

"आणि आता तो म्हणतो, तूच लपवलेत?"

"माया भावाकडे कळंबले पाठोले म्हणते. मी म्हणतो, तुमीच काढले अन् नाटक करून राह्यले." तिने मान वर केली. "शेजारची म्हणते, नवरा मारत नाई, मंग कायची तक्रार? खरंच मॅडम, त्यायनं हात कधी नाई उचलला. मंग माई तक्रार बसते का कायद्यात?"

हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा येतो आणि चारही वेळा माझं डोकं तापतं. विचारणारीवर नाही, तिला तसं शिकवणाऱ्यांवर.

"चल," मी हेल्मेट उचललं. "आधी ती पेटी दाखव."

२

गुलाम नबींचं गॅरेज हैदराबादच्या हायवेला लागून आहे. पुढे ट्रक, मध्ये टिनाचं छप्पर, मागे घर. नुजहतचा सासरा म्हणजे या रस्त्यावरचं जुनं नाव. दक्षिणेकडून येणारे ड्रायव्हर इंजिनाचा आवाज बिघडला की त्यांच्यापर्यंत ट्रक ढकलत आणतात, पण दुसऱ्याकडे देत नाहीत.

तारिक एका ट्रकखालून बाहेर आला. उंच, देखणा, आणि हात कोपरापर्यंत काळे. त्याने दाराला हात लावला, दार काळं झालं. दिव्याच्या बटणाभोवती तसाच काळा गोल होता. पाण्याच्या माठावर बोटांची नक्षी होती.

"मॅडम, इचारा तिले, म्या कधी चापट तरी मारली का?" त्याने हात जोडायच्या आधीच सुरुवात केली. "दोन टाइम खाऊ घालतो. नौकरीची गरज काय? आमच्यात सून बाहेर जाऊन पगार आणत नाई."

"तिचा फोन कुठे आहे?"

"माह्याजवळ. सांभाळून ठेवला."

"छान. आणि कागद?"

"तेच त मी शोधून राह्यलो! दोन दिवसांपासून घर पालथं घातलं. पिठाचा डब्बा, गाद्या, पाण्याची टाकी, सगळं."

आतल्या खोलीतल्या कपाटावर पांढऱ्या कापडाचं एक गाठोडं होतं. माझी नजर तिकडे गेलेली पाहून तो म्हणाला, "ते अम्मीचं कफन हाय. मायी खाला, अम्मीची बहीण, मक्केले उमऱ्याले गेलती, तिनं तिकडून आणलं. त्याले कोनी हात नाई लावत."

त्याचं ऐकताना मला एक गोष्ट खटकली. खरा चोर दोन दिवस पिठाचा डबा कशाला उपसेल? चोराच्या उलट्या बोंबा असतात हे मान्य. पण बोंब मारायला घसा लागतो, कंबर मोडेपर्यंत गाद्या उलटाव्या लागत नाहीत. हा माणूस दोषी होता, पण या चोरीचा नसावा.

सासू रशीदा पडद्याआड होत्या. चहा आला तो पडद्याखालून सरकत. मी मुद्दाम आत गेले. बारीक बाई, पन्नाशीच्या पुढच्या, डोक्यावरून घट्ट ओढणी. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात पाच तारा टांगलेल्या होत्या, त्यात लहान-मोठे वॉशर ओवलेले, वाळत घातलेल्या मिरच्यांसारखे. अंगणात एका परातीत डिझेल होतं.

"चाची, तुमचा कोणावर संशय?"

"मले काय समजते बाई. मी चुलीजवळची." त्यांनी कणकेत हात घातला. त्या हातांना इतक्या भेगा होत्या की कणीक त्यात भरत होती. "गॅरेजचं मले काई समजत नाई."

मी तर गॅरेजचं काही विचारलंच नव्हतं.

३

नुजहतच्या खोलीत आम्ही दोघी बसलो. तारिकला मी गॅरेजात पाठवलं. खोलीला दार होतं, पण भिंत वरपर्यंत गेलेली नव्हती, त्यामुळे पलीकडे रशीदा पोळ्या लाटत होत्या तो आवाज सरळ ऐकू येत होता. मी नमुना काढला आणि वाचायला लागले. हा कागद मी मोठ्यानेच वाचते. बाईला वाचता येत असलं तरी. छापलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते आपल्याबद्दल आहे हे लवकर कळतं.

"शारीरिक. मारणं, ढकलणं, चटका देणं, उपाशी ठेवणं, इजेची धमकी देणं."

"नाई."

पलीकडे लाटणं चालू होतं.

"लैंगिक," मी आवाज अगदी खाली आणला आणि प्रश्न तिच्या कानात विचारला. तिचं उत्तर मी इथे लिहिणार नाही. तो तिचा आणि न्यायालयाचा विषय आहे.

"शाब्दिक आणि भावनिक. शिव्या, टोमणे, मूल होत नाही म्हणून अपमान. माहेरच्यांना भेटू न देणं, फोन काढून घेणं, नोकरी करू न देणं."

नुजहत माझ्याकडे पाहतच राहिली. "हे बी हिंसा हाय? हे त आमच्या मोहल्ल्यात घरोघरी चालते."

"घरोघरी मातीच्या चुली असतात म्हणून कोणाचा हात भाजत नाही असं नाही ना. खूण करू?"

"करा."

"आर्थिक. खर्चाला न देणं, कमाई काढून घेणं. बाईचं स्त्रीधन, म्हणजे माहेरून मिळालेलं, तिचं स्वतःचं, तिला न विचारता विकणं किंवा गहाण टाकणं."

पलीकडचं लाटणं थांबलं.

मी वाक्य पुन्हा वाचलं, मुद्दाम, सावकाश. "तिला न विचारता विकणं. कामाला जुंपून त्याचा मोबदला न देणं."

आवाज नाही. मग पोळी करपल्याचा वास आला. पोळी लाटता लाटता आयुष्य गेलेल्या बाईच्या हातून पोळी करपते तेव्हा काहीतरी फार खोल लागलेलं असतं.

"मॅडम," नुजहतने विचारलं, "मंग मले घरातून काढून देतीन का?"

"काढता येत नाही. घर कोणाच्याही नावावर असो, इथे तुला राहायचा हक्क आहे. तसा आदेश मागता येतो. पण शुक्रवारला फाईल नसेल तर या हक्काचं तू काय करशील? चल, पेटी पुढे ओढ."

४

पेटी कळंबच्या एका लोहाराने नुजहतच्या लग्नात बनवलेली. फिकट गुलाबी रंग, त्यावर हाताने काढलेली फुलं. कुलपावर एक ओरखडा नाही, कडी-कोयंडा जागच्या जागी. मी पेटी फिरवली आणि मागची बाजू उजेडात आणली.

लोहाराने एक घोडचूक केली होती. बिजागऱ्यांचे नट त्याने बाहेरून बसवले होते. म्हणजे कुलूप पुढे कितीही भक्कम असो, मागचे चार नट काढले की झाकण उलट्या बाजूने उघडतं. पुढून कुलूप, मागून खिंडार. सरकारी योजनांतही असंच असतं.

पण मला हसू आलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. प्रत्येक नटाखाली एक स्प्रिंग वॉशर होता.

माझे बाबा, प्रेमसिंग आडे, तीस वर्षं ट्रकवर होते. आमच्या तांड्यात पूर्वी बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे, बाबांनी तेच ट्रकवर केलं. त्यांच्या ट्रकखाली बसून मी पाढे पाठ केलेत. स्प्रिंग वॉशर म्हणजे कापलेलं कडं, हादऱ्याने नट सैल होऊ नये म्हणून टाकतात. घरातल्या पेटीला हादरे कसले? पेटीच्या बाजूच्या कड्यांनाही लोहाराचे तसेच नट होते, त्यांच्याखाली वॉशर नव्हते. म्हणजे बिजागऱ्या कोणीतरी खोलून परत बसवल्या होत्या, आणि ते अशा कोणीतरी ज्याच्या हाताला वॉशरशिवाय नट कसताच येत नाही. हात आपली सवय विसरत नाही.

चोर मेकॅनिक होता. आणि या घरात मेकॅनिक दोन होते, बाप आणि लेक.

नुजहतला मी काहीच बोलले नाही. बाहेर गॅरेजात गेले. गुलाम नबी एका खुर्चीत बसून इंजिनाचा आवाज ऐकत होते, डोळे मिटून. माणूस वाईट वाटला नाही. ही या नोकरीतली सगळ्यात त्रासाची गोष्ट, माणसं सहसा वाईट वाटत नाहीत.

"चाचाजी, एखादं जुनं काम खोलायचं झालं तर कसं करता?"

"खोलाचं अन् कसाचं. पोरगं बी तसंच करते. आमच्या हाताले टाइम कुठी हाय बाई, गिऱ्हाईक खोळंबते."

"नट धुवून नाही लावत?"

"लावतो ना. गुलाम नबीच्या गॅरेजात मळका नट कोनी लावत नाई, म्हणून त नाव हाय." छाती फुगली. "धुणं मागं होते."

"मागे म्हणजे?"

"मागं. घरात." त्यांनी हात हवेत उडवला, जसं घरात नट आपोआप धुतले जातात.

मी पळतच पेटीकडे परत गेले. चारही नट लखलखीत होते, आट्यांमधला गंज सुद्धा काढलेला. आणि बिजागऱ्यांभोवतीच्या गुलाबी रंगावर, जिथे तारिकचं एक बोटही डाग सोडून गेलं असतं, तिथे एकही काळा ठिपका नव्हता.

या घरात मेकॅनिक दोन नव्हते. तीन होते.

५

रशीदा अंगणात परातीपुढे बसल्या होत्या. डिझेलमध्ये नट-बोल्ट, हातात जुना दात घासायचा ब्रश. मी शेजारी उकिडवी बसले आणि आवाज अगदी खाली ठेवला.

"चाची, वॉशर टाकायला नको होता."

ब्रश थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, परातीकडेच पाहत राहिल्या.

"हात ऐकला नाई," त्या म्हणाल्या. "बिनवॉशरचा नट मले अधुरा वाटते."

"कधी केलंत?"

"इतवारी. नुजहत न्हायाले गेलती. शनिवारी तारिक बापाले सांगून राह्यला होता, सोमवारी पेटी खोलतो, कागद जाळतो, कंगन इकतो म्हणून. याह्यनं, त्याच्या बापानं, हूं केलं." त्यांनी ओढणीने नाक पुसलं. "दहा मिनिटाचं काम होतं."

"मग नुजहतला सांगितलं का नाही? पोर दोन दिवस रडतेय."

"तिच्या तोंडावर सगळं दिसते. तारिकनं एक सवाल केला असता त सांगून बसली असती. शुक्रवारी सकाळी तिले बस स्टँडवर देणार होती मी, हातात. माह्या हिशेबानं तिनं गुपचूप बसाचं होतं." किंचित हसल्या. "ते तुमच्याकडे गेली. बाप्पा, डेअरिंगवाली निघाली."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "मी वाचत होते तेव्हा पोळी करपली."

त्यांनी परातीतला एक बोल्ट उचलला, उजेडात धरला, परत ठेवला.

"पुढं ते हवेची मशीन हाय ना, कंप्रेसर. ते माह्ये झुमके हाय. अन् गळ्यातलं. निकाहले सहा महिने झालते. मी पाणी भरून आली त पेटी खुली होती." त्या बोलत राहिल्या, आणि आवाजात राग नव्हता, तेच ऐकवत नव्हतं. "मंग मशीन आली त धुवाले मानूस पाह्यजे. मी बसली. मंग खोलाले बी शिकली. याह्यले ताप आला त गिअर बॉक्स म्या बांधला हाय रात्रंदिन. गिऱ्हाईकाले सांगतलं, पोरानं बांधला. पोरगं तवा चार सालाचं होतं." त्यांनी ब्रश परातीत ठेवला. "मले वाटे, हे नशीब हाय. तुमच्या कागदात त्याले दुसरं नाव हाय."

मी त्यांचा डिझेलने भिजलेला हात धरला.

"चाची, मला चोर कळला, पण मी कोणाला सांगणार नाही. तुमची योजना चांगली आहे. शुक्रवारपर्यंत गप्प राहू शकतो आपण."

"अन् शनिवारी?" त्यांनी विचारलं. "शनिवारी तारिकले समजन, तिनं कागद दाखोले म्हणून. मंग कोनावर नाव येईन? नुजहतवर."

त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू. हात साबणाने धुतले, दोन वेळा. आणि आतल्या खोलीकडे चालू लागल्या, जिथे कपाट होतं.

६

पांढरं गाठोडं त्यांनी सगळ्यांच्या मध्ये, नुजहतच्या पुढ्यात ठेवलं. तारिक दारात होता, गुलाम नबी खुर्ची सोडून आत आलेले.

"अम्मी, ते कायले काढलं?" तारिकचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला.

रशीदांनी गाठ सोडली. कफनाच्या घड्या एकेक उलगडल्या, फार हळू, कापड जमिनीला लागू न देता. शेवटच्या घडीत हिरवी फाईल होती. फाईलवर लाल बटवा.

नुजहत सासूच्या गळ्यातच पडली.

"तुमी चोरी केली?" तारिक ओरडला. "सोताच्या घरात?"

"चोरी तू करणार होता," रशीदा म्हणाल्या. "म्या थांबोली. कफनात ठेवलं, काऊन का या घरात माह्या नावाची तेवढीच एक चीज हाय. बाकी कोठी बी ठेवलं असतं त तुमचा हात पोचला असता."

तारिक एक पाऊल पुढे आला. मीही आले. "तारिक, तू हात उचलत नाहीस हे तुझंच म्हणणं आहे ना? आज त्यावर टिकून राहा. नुजहतचा अहवाल आजच न्यायाधीशांकडे जातोय, आणि एक प्रत ठाण्यात. तिचा फोन दे."

त्याने बापाकडे पाहिलं. गुलाम नबी त्याच्याकडे पाहतच नव्हते. ते पेटीजवळ जाऊन बसले होते, चष्मा कपाळावर, आणि बिजागरीच्या नटावरून अंगठा फिरवत होते. गॅरेजवाल्या माणसाला सगळं नटावरूनच कळतं.

"वॉशर टाकला," ते पुटपुटले. "धुऊन." मग मान वर न करता, "तारिक, फोन दे तिले."

फोन तिच्या हातात आला. त्यावर काळे ठसे होते, नुजहतने ते ओढणीने पुसले. ती फाईल छातीशी धरून भावाला फोन लावायला बाहेर गेली. शुक्रवार आता तिचा होता.

मी नमुने गोळा करून पिशवीत टाकायला लागले. माझ्या लेखी प्रकरण सुटलं होतं.

"मॅडम." रशीदा कफनाच्या घड्या परत घालत होत्या. "तो कागद अजून एक हाय का?"

"नुजहतचा भरून झालाय, चाची."

"तिच्यासाठी नाई." त्यांनी गाठ मारली. "तीस सालाचं बी चालते का? का मुदत गेली?"

पुढे गॅरेजात कंप्रेसर आपोआप सुरू झाला, हवा भरली तसा बंद पडला.

"मशीन अजून चालू आहे ना," मी म्हणाले. "आणि तुम्ही अजून धुताय. मग तुमचंही अजून चालूच आहे. आपण लिहू. काय मागायचं ते तुम्ही ठरवायचं."

मी कोरा नमुना काढला आणि जमिनीवरच बसले. नवरा समोर, लेक दारात, आणि रशीदांनी पहिल्यांदा ओढणी जरा सैल केली. नाव, वय, पत्ता. त्या न अडखळता सांगत गेल्या. मग मी सवयीने, मान खाली घालूनच, पुढचं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लिहायलाही लागले.

"व्यवसाय. गृहिणी लिहिते."

"नाई," रशीदा म्हणाल्या. "मेकॅनिक लिवा."

मी गुलाम नबींकडे पाहिलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मी लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहिलं.